स्वस्तातला प्रिंटर मला महाग कसा पडला

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गट सदस्येने केलेले भाषण)



मला सांगितलं होतं, यशोगाथा सांगा. पण मी आज माझी फजिती सांगणार आहे. कारण यशोगाथा ऐकून टाळ्या वाजतात, फजिती ऐकून दुसरीचे पैसे वाचतात.

२०२४ च्या जून महिन्यात मी गटातून ६,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. शेकडा एक रुपया व्याज, दहा हप्ते. त्यातून ४,८०० चा प्रिंटर आणला. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन सगळं एकातच. आमच्या गावात झेरॉक्सचं दुकान नाही. एका कागदासाठी तालुक्याला जायचं म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणलं, घरबसल्या धंदा होईल, बायांची सोयही होईल. झेरॉक्सचे ३ रुपये आणि मोबाईलवरून प्रिंटचे १० रुपये ठरवले.

जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. आधारची झेरॉक्स, रेशनकार्डची झेरॉक्स, हमीपत्राची प्रिंट. माझ्या ओट्यावर रांग लागली! मला वाटलं, आता वर्षाचे हप्ते दोन महिन्यांत फिटतात.

आणि एका सकाळी लाल दिवा लुकलुकायला लागला. काळी शाई होती, पण रंगीत संपली म्हणून मशीन काळंही छापेना. वस्तीवरच्या एक वहिनी कडेवर लेकरू घेऊन चालत आल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "वहिनी, उद्या या." त्या म्हणाल्या, "उद्या खुरपणीला जायचंय गं." आणि तशाच माघारी गेल्या. ते मला फार लागलं.

मी पळत जाऊन नवीन कार्ट्रिज आणली. मग पुन्हा आणली. पुन्हा आणली. दिवसभर मशीन चालतंय, डब्यात चिल्लर वाजतेय, आणि हप्त्याला मात्र पैसे नाहीत! दोन हप्ते चुकले. तिसऱ्या बैठकीला मी अंग दुखतंय म्हणून गेलेच नाही. खोटं बोलले, तायांनो. लाज वाटत होती.

आमच्या सचिव काकू घरी आल्या. मला वाटलं, दंड सांगायला आल्या. त्या म्हणाल्या, "चहा टाक आणि वही काढ." वही कुठली? मी लिहिलंच नव्हतं. बचतीचा पै-पैचा हिशोब लिहिणारी मी, स्वतःच्या धंद्याची वही नव्हती. मग आम्ही कोरे कागद मोजून, आठवून, हिशोब मांडला.

काळी कार्ट्रिज ७२० रुपयांची. त्यात पानं निघतात १२०. म्हणजे एका पानाला शाईच ६ रुपयांची. कागदाचा गठ्ठा ५०० चा, २७५ रुपयांना, म्हणजे पानाला ५५ पैसे. झाले साडेसहा रुपये. आणि मी झेरॉक्स देत होते ३ रुपयांत! दोन महिन्यांत ४०० झेरॉक्स आणि ६० प्रिंट. आले १,८०० रुपये, गेले ३,००० च्या वर. रांग जितकी मोठी, तितका माझा तोटा मोठा.

मशीन स्वस्त विकतात आणि कमाई शाईवर करतात, हे तेव्हा कळलं. तोटा समजल्यावर मी रडले, पण त्या रात्री झोप लागली.

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. गटाने हप्त्याला मुदत वाढवून दिली. आणि एक काम लावलं: तीन महिने दारात कोण येतं, किती पानं मागतं, ते रोज लिहायचं. रोजची सरासरी निघाली २० पानं, महिन्याला साधारण ५००.

मग गटाने टाकीचा, म्हणजे बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर घेतला, १३,००० चा. बाटली ५०० रुपयांची. खोक्यावर चार हजारांच्या वर पानं लिहिलेली असतात, आम्ही तीन हजारच धरतो. कारण कंपनीचा आकडा असतो थोड्या मजकुराच्या पानाचा, शंभरातल्या फक्त पाच भागांवर शाई. आधारवरचा फोटो त्याहून जास्त शाई पितो. तरी शाई पडते १७ पैसे. कागद, लाईट धरून ३ रुपयांतले सव्वादोन उरतात. मशीनचे पैसे निघायला जवळपास ५,८०० पानं लागतात, म्हणजे वर्ष. प्रिंटचे वरचे पैसे निम्मे माझ्या मेहनतीचे, निम्मे दुरुस्तीला. हिशोब दर बैठकीत वाचला जातो.

आता तुमच्यापैकी कोणाला प्रिंटर घ्यायचा असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

दुकानदाराला मशीनची किंमत नंतर विचारा. आधी विचारा: शाई कितीला, पानं किती? भागाकार तिथंच करा. रोज दोन-चारच पानं होणार असतील तर शाईचं मशीन घेऊच नका, शाई वाळते. पावडरवाल्या लेझर मशीनची पावडर वाळत नाही, पण ते घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालवू नका, एकदम जास्त लाईट ओढतं.

शाईच्या मशीनवर आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढा. माझं मशीन लग्नसराईत पंधरा दिवस बंद राहिलं आणि तोंड बुजलं. ते साफ करायलाही शाईच खर्च होते. मशीन बटणानेच बंद करा, पिन उपटून नाही, म्हणजे शाईचं तोंड झाकलं जातं. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, दमट कागद अडकतो. अडकला तर मशीन बंद करून दोन्ही हातांनी हळू ओढा.

आणि बायांचे आधार, पासबुक मोबाईलवर आले की काम झाल्यावर लगेच पुसून टाका. बिघडलेलं पान फाडून टाका, चुलीपाशी ठेवू नका. विश्वासाने दिलेला कागद आहे तो.

आजपर्यंत ४,१०० पानं झाली, १,७०० बाकी आहेत. म्हणजे अजून फायदा सुरू झालेला नाही, हे खरं सांगते. पण तो कधी सुरू होणार, ते वहीत दिसतंय. माझ्या जुन्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात भरला. जुना प्रिंटर कपाटावर आहे, फक्त स्कॅनला वापरते. त्या वहिनी परवा आल्या होत्या, लेकराच्या अंगणवाडीचे कागद घेऊन. त्यांना परत पाठवलं नाही.

तुमचा धंदा पापडाचा असो, शिलाईचा असो की शेळ्यांचा, तोटा झाला तर बैठक चुकवू नका. त्याच बैठकीला या, आणि वही घेऊन या.