औषधदानाचे पुढचे पाऊल
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षांची अखंड वाटचाल हे कोणत्याही संस्थेच्या जीवनातील पुण्यपर्व होय. अशा मंगल प्रसंगी पूर्वसूरींचे स्मरण करावे, जमाखर्च तपासावा आणि पुढील काळासाठी एखादा संकल्प करावा, अशी रीत आहे. पेडगावच्या समाजाने विचारात घ्यावा असा एक संकल्प येथे मांडावयाचा आहे.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. औषधदान म्हटले की नेत्रतपासणी शिबिर किंवा औषधवाटप डोळ्यांपुढे येते. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून विनामूल्य कृत्रिम पाय बसवून असंख्य अपंगांना उभे केले, ही तर जैन समाजाच्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु काही दुखणी अशी असतात की त्यांना एका दिवसाचे शिबिर पुरत नाही.

पक्षाघातातून वाचलेल्या एखाद्या दुकानदाराचे उदाहरण घ्यावे. डॉक्टरांच्या प्रयत्नांनी प्राण वाचतात, घरी पेढे वाटले जातात. पण ज्या हाताने आयुष्यभर कापडाची थाने उलगडली, त्या हाताला स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावता येत नाही. सून मायेने घास भरवते, तरी त्या घासाबरोबर वडीलधारा माणूस काय गिळतो, ते त्याचे त्यालाच ठाऊक. मेंदूचा पक्षाघात घेऊन जन्मलेल्या बालकाची स्थितीही अशीच. बुद्धी असते, पण पेन्सिल धरवत नाही आणि शाळा सुटते.

अशा रुग्णाला पुन्हा दैनंदिन कामे शिकविण्याच्या शास्त्राला व्यवसायोपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. व्यापारी समाजाला ‘व्यवसाय’ म्हणताच दुकान आठवते. येथे मात्र जेवणे, आंघोळ करणे, कपडे घालणे, लिहिणे अशी माणसाची सर्व नित्यकर्मे अभिप्रेत आहेत. भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, प्रामुख्याने स्नायूंचे बळ आणि हालचाल यांवर भर देतो; व्यवसायोपचार त्या बळाचा रोजच्या जगण्यात उपयोग करावयास शिकवतो. चमच्याला जाड मूठ बसविणे, बटणाऐवजी चिकटपट्टी लावणे, स्नानगृहात आधाराची दांडी बसविणे, अशा साध्या युक्त्याही त्यात येतात.

या विद्येचा भारतातील उगम महाराष्ट्रातच झाला. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर येथील झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी निर्माण झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. एवढी जुनी विद्या असूनही खेड्यातील रुग्णाला तिचे नावही कळत नाही, ही खेदाची बाब आहे.

तज्ज्ञ शोधावा कसा? बालकासाठी पहिली चौकशी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात करावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते आणि वाढीतील दोष आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. प्रौढांनी रुग्णालयातून घरी सोडतानाच डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी मागून घ्यावी. खासगी तज्ज्ञाकडे जाताना व्यवसायोपचाराची पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. तीन महिन्यांत रुग्ण कोणते काम करू लागावा, हे उद्दिष्टही लिहून घ्यावे.

खरी अडचण पैशाची. सर्वसाधारण आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च देतो. नित्याची थेरपी त्यात बहुधा बसत नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिचे संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत असून थेरपीसाठी त्यातील ठरावीक भागच मिळतो. जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्यास अवलंबून असलेल्या अपंग नातलगासाठी ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. या सवलतींसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आधी काढून ठेवावे.

आता हिशेब पाहावा. समजा, एका बैठकीचे शुल्क ५०० रुपये आणि आठवड्यास दोन बैठका. वर्षाच्या १०४ बैठकांचे ५२,००० रुपये झाले. त्यावर रुग्ण आणि सोबती यांचे गाडीभाडे व सोबत्याची बुडालेली मजुरी. हा भार न पेलल्यामुळेच उपचार मध्येच सुटतो आणि दोष मात्र ‘कर्माच्या उदया’ला दिला जातो. कर्मसिद्धांत पुरुषार्थ सोडावयास सांगत नाही, हे येथे विसरले जाते.

हाच हिशेब उलटा मांडता येईल. सहा रुग्णांनी गावाबाहेर जाण्याऐवजी तज्ज्ञालाच आठवड्यातून एक दिवस ट्रस्टच्या सभागृहात बोलवावे. बारा जणांचा प्रवास वाचून एकाचाच खर्च उरतो. त्या दिवशी तज्ज्ञाने घरच्या माणसांना सराव शिकवावा. उरलेले सहा दिवस तो त्यांनी करून घ्यावा. सहा रुग्णांचे ३,००० आणि प्रवासाचे १,००० धरले, तर आठवड्याला ४,००० रुपये होतात.

पूजेच्या आणि भोजनाच्या तिथी लिहून घेण्याची प्रथा समाजात रूढ आहे. तशीच या उपचाराची तिथी का नसावी? वर्षाचे आठवडे ५२. दिवंगत मातापित्यांच्या स्मरणार्थ ५२ कुटुंबांनी एकेक आठवडा घेतला, तर वर्षाचे २,०८,००० रुपये उभे राहतात. ज्याला शक्य त्याने शुल्काचा काही वाटा द्यावा; ज्याला शक्य नाही त्याचे नाव कोठेही वाचले जाऊ नये. आणि ही सेवा जैन कुटुंबांपुरती न राहता गावातील कोणाही गरजूला मिळावी. करुणादानात जात विचारली जात नाही.

रुग्ण मुनिजनांच्या सेवेला, वैयावृत्त्याला, आगमांनी आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. उपवासाप्रमाणे हे तप दिसत नाही. ते चिकाटीने, रोज थोडे थोडे करावे लागते. व्यवसायोपचाराचेही तसेच आहे. सुवर्णमहोत्सवाची कमान उद्या उतरेल. पण एखाद्या वृद्धाने आपल्या हाताने सदऱ्याचे बटण लावून मंदिराची पायरी चढली, तर तोच या महोत्सवाचा खरा कलश ठरेल.

जय जिनेंद्र!