मिशन डोलोरेसची मातीची भिंत
(मंडळाच्या मासिक बैठकीत दिलेले भाषण)



भारतातून आई-वडील आले की आपण त्यांना गोल्डन गेट दाखवतो आणि देवदर्शनाला लिव्हरमोरला नेतो. माझे वडील आले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत पार्किंग शोधत शोधत आम्ही मिशन डोलोरेससमोर पोचलो. योगायोगच म्हणायचा.

तिथं दोन चर्च शेजारी शेजारी आहेत. उजवीकडचं उंच, नक्षीदार ते १९१८ सालचं. त्याला पुढे १९५२ मध्ये बॅसिलिकाचा मान मिळाला. लोक फोटो त्याचेच काढतात. खरं जुनं ते डावीकडचं, ठेंगणं, पांढरं. वडिलांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, ही तर आपल्या गावच्या घरासारखी मातीची!"

बरोबर होतं त्यांचं. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, चार फूट जाडीची भिंत, वरून गिलावा. छपराच्या रेडवुडच्या तुळया मूळच्या कातडी वाद्यांनी बांधलेल्या. १९०६ च्या भूकंपात शेजारचं पक्क्या विटांचं चर्च इतकं खिळखिळं झालं की ते पाडावं लागलं. मातीचं उभंच राहिलं! लोखंडी आधार त्याला नंतर दिला, विलिस पोक या वास्तुविशारदानं.

मिशन स्थापन झालं १७७६ साली, तेही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या आठवडाभर आधी! पाद्री स्पॅनिश, फ्रान्सिस्कन पंथाचे. (आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया याच पंथाचा.) पण आजची वास्तू १७९१ ची, आणि ती उभारणारे हात इथल्या मूळच्या ओलोनी लोकांचे. छतावरचे नागमोडी रंगीत पट्टे पाहिलेत? ती त्यांच्या टोपल्यांवरची नक्षी. वेदीमागच्या भिंतीवरही त्यांनी चित्रं काढली होती. १७९६ मध्ये मेक्सिकोहून कोरीव लाकडी देव्हारा आला, तो त्याच भिंतीपुढे उभा केला, आणि चित्रं झाकली गेली. २००४ साली मागच्या अरुंद फटीत कॅमेरा सोडून त्यांचे फोटो घेतले, तेव्हा कुठे ती पुन्हा दिसली. मला विचाराल तर आख्ख्या चर्चमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच, आणि नेमकी तीच डोळ्यांनी दिसत नाही.

पुढचं सांगताना जरा जड जातं. बाप्तिस्मा घेतलेल्यांना मिशन सोडून जायची मुभा नव्हती. पळाले तर शिपाई धरून आणत. १८०६ च्या गोवराच्या साथीत तर माणसं पटापट गेली. शेजारच्या दफनभूमीत आणि आसपास पाच हजारांवर मूळ रहिवासी पुरलेले आहेत.

आम्ही तिथं फिरलो. दगडांवर नावं बहुतेक सोन्याच्या शोधात आलेल्या काळातली, बरीचशी आयरिश. वडील एकेक वाचत होते. शेवटी म्हणाले, "आणि बांधणाऱ्यांची?"

मी म्हटलं, "पाद्र्यांच्या दफनाच्या वह्यांत आहेत."

"म्हणजे लिहिता येत होती तर," ते म्हणाले, आणि पुन्हा त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.