नाव काढणारी नावं



विषय खेळाडूंच्या टोपणनावांचा आहे, पण सुरुवात मी लग्नघरापासून करणार आहे. वधू-वर गृहप्रवेश करून आत आलेत. ताटात तांदूळ पसरलेले आहेत. नवरा मुलगा बोटातली अंगठी काढतो आणि त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. सगळे वाकून वाचतात, पेढे वाटले जातात. आडनाव बहुतेकदा बदलतं, पूर्वी तर पाळण्यातलं नावही सर्रास बदलायचं. वीस-बावीस वर्षं जिथे ती वाढली, शाळेत गेली, त्या गावाची खूण तिच्या नव्या नावात उरत नाही.

हे ताट डोळ्यांपुढे ठेवून पुढची चार-पाच नावं ऐका. पय्योळी एक्सप्रेस. सावरपाडा एक्सप्रेस. माणदेशी एक्सप्रेस. चाकदाह एक्सप्रेस. धिंग एक्सप्रेस. पाचही नावं बायकांची आणि पाचही नावांत त्यांच्या माहेरचं गाव किंवा मुलूख आहे. आज मला जे सांगायचंय ते याच नावांबद्दल.

आपल्या भाषेत ‘नाव’ या शब्दाभोवती केवढा संसार आहे पाहा. बारशाला आपण नाव ठेवतो. तेच अनेकवचनात ‘नावं ठेवली’ की निंदा होते. माणूस नाव कमावतो, नाव घालवतो. आणि सगळ्यात मोठी शाबासकी कोणती? ‘पोरीने गावाचं नाव काढलं.’ खेळाडूच्या टोपणनावाची माझी कसोटी हीच आहे. त्या नावाने कुणाचं नाव काढलं?

गाव नावात बाळगायची सवय मराठी माणसाला नवी नाही. आपल्या आडनावांतला ‘कर’ तेच काम करतो. मुंबईच्या फलंदाजांची यादी वाचा : मांजरेकर, वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर. धावफलकावर जणू कोकणातल्या वाड्याच ओळीने उभ्या आहेत. पण सावरपाड्याच्या कविता राऊतच्या आडनावात गाव नाही, माणदेशच्या ललिता बाबरच्या आडनावातही नाही. तिथे ‘कर’चं काम ‘एक्सप्रेस’ने केलं.

धावपटूला आगगाडीची उपमा द्यायची रीत जुनी आहे. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एमिल झाटोपेकने 5 हजार मीटर, 10 हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली. धावताना तो मान वाकडी करायचा, मोठ्याने धापा टाकायचा. जग त्याला ‘चेक लोकोमोटिव्ह’ म्हणायचं. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चणीने लहान आणि अंगात वीज, म्हणून त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हटलं गेलं. नाव समर्पक आहे, पण त्यात गोळेश्वर नाही, कराड नाही. ज्या मातीत खाशाबा घडले, तिचा पत्ता त्या नावावरून लागत नाही.

पय्योळीचा मात्र लागतो. पय्योळी हे केरळात कोळिक्कोड जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव. 1984च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकच्या 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी झाली. शेवटचा अडथळा मागे पडला आणि तिसऱ्या क्रमांकासाठी दोघी जवळजवळ एकदमच रेषेवर आल्या. निकाल डोळ्यांना देता येईना, छायाचित्राने दिला. रुमानियाची कोजोकारू 55.41 सेकंद, भारताची पी. टी. उषा 55.42. सेकंदाचा शंभरावा भाग! पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पदक गेलं, पण उषा थांबली नाही. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने 5 सुवर्णपदकं घेतली आणि 1986च्या सोल आशियाई खेळांत 4. तिच्या नावातली पी. टी. ही अक्षरंही घराण्याच्या नावाची, पिलावुळ्ळकंडी तेक्केपरंबिल. घर त्या दोन अक्षरांत आहे, गाव टोपणनावात आहे. ज्यांनी केरळ कधी पाहिला नाही, अशा आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांना पय्योळी हे नाव तोंडपाठ झालं ते तिच्यामुळे.

आता आपल्या नाशिक जिल्ह्यात या. त्र्यंबकेश्वरच्या पुढे हरसूलच्या डोंगराळ आदिवासी भागात सावरपाडा आहे. पाडा म्हणजे गावाची वाडी, चार घरांची वस्ती. बाहेरचा माणूस मोठं गाव विचारतो, पाडा कोण विचारणार? तिथे रेल्वेचा रूळ पोचलेला नाही. अशा पाड्यावरची, अनवाणी धावत मोठी झालेली कविता राऊत 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरला कांस्यपदक घेते आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई खेळांत रौप्यपदक. मराठी वर्तमानपत्रांनी मथळ्यात ‘सावरपाडा एक्सप्रेस’ लिहिलं. ‘नाशिक एक्सप्रेस’ लिहिणं सोपं होतं, वाचकाला कळायलाही सोपं होतं. पण पाड्याचं नाव लिहिलं गेलं, याचं मोल मला फार वाटतं. जिथे गाडी जात नाही तिथलं नाव गाडीला मिळालं आणि ते देशभर गेलं.

ललिता बाबर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची. माणदेश म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो आणि व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकांतली माणसं आठवतात. या मुलीने निवडलेली शर्यत स्टीपलचेस. 3 हजार मीटरमध्ये 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत तिने 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. ती अंतिम फेरी झाली 15 ऑगस्टला. ललिता दहावी आली. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत पोचलेली तिच्या आधीची भारतीय स्त्री म्हणजे 1984ची उषा. पय्योळीहून सुटलेली गाडी 32 वर्षांनी माणदेशाला आली.

बंगालमधल्या चाकदाहची झूलन गोस्वामी क्रिकेट शिकायला पहाटेच्या लोकलने कोलकात्याला जायची. म्हणजे तिच्या नावातली गाडी खरोखरीची आहे. त्या लोकलने सुरू झालेला प्रवास 2022 साली लॉर्ड्सवर संपला, तेव्हा तिच्या नावावर एकदिवसीय सामन्यांत 255 बळी होते. तोवर महिला क्रिकेटमध्ये इतके कुणीच घेतले नव्हते. आसाममधल्या धिंगजवळची हिमा दास भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. 2018 साली फिनलंडमध्ये 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तिने 400 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. शेवटच्या वळणापर्यंत ती मागे होती, आणि सरळ धावपट्टीवर एकेकीला मागे टाकत पुढे आली.

श्रोतेहो, सगळीच टोपणनावं अशी भाग्याची नसतात. क्रिकेटपटू एकनाथ सोलकरांचं उदाहरण घ्या. वडील हिंदू जिमखान्याचे माळी, आणि मुलगा त्याच मैदानाच्या कडेला वाढलेला. फलंदाजापासून हातभर अंतरावर, डोक्यावर हेल्मेट नाही, अशा जागी ते उभे राहायचे, आणि 27 कसोटींत त्यांनी 53 झेल घेतले. आणि त्यांना नाव काय मिळालं? ‘गरिबांचा सोबर्स’. क्रिकेटपटू म्हणून गॅरी सोबर्स थोरच, पण ज्या जागी एकनाथ उभा राहायचा तिथे त्याला कुणाच्या सावलीची गरज नव्हती. आजही जिल्हा पातळीवर एखादी पोरगी पळाली की बातमी येते, ‘दुसरी पी. टी. उषा’. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण दुसरी म्हटलं की ती पहिली कधी होणार? उसनं नाव दिलं की पदकही उसनं वाटायला लागतं.

म्हणून मला वाटतं, खेळाडूला नाव देणं ही जबाबदारीची गोष्ट आहे. चांगलं नाव द्यायचं तर लिहिणाऱ्याला आधी विचारावं लागतं : बाळ, तू कुठली? तुझ्या गावात मैदान आहे का? सरावाला कशी जातेस, कुणाबरोबर जातेस? हे विचारल्याशिवाय ‘सावरपाडा’ हा शब्द मथळ्यात येत नाही. आणि तो एकदा आला की लोक त्या पाड्याचा रस्ता विचारतात, आणि पाड्यावरच्या दुसऱ्या मुलीला वाटतं, आपल्या गावाचं नाव छापून येऊ शकतं.

या सभागृहात शिक्षक आहेत, वार्ताहर आहेत, क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते आहेत. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. यंदाच्या तालुका स्पर्धांत जी मुलगी पहिली येईल, तिच्या प्रमाणपत्रावर आणि तिच्या बातमीत तिच्या गावाचं नाव लिहा. वाडी असेल तर वाडीचं लिहा, पाडा असेल तर पाड्याचं लिहा. उद्या लग्नाच्या ताटात तिचं नाव बदललं, तरी हे नाव तिचंच राहील.