शस्त्रक्रियेपूर्वीची दहा मिनिटे



स्तनात गाठ आहे आणि ती कर्करोगाची आहे, असे निदान झाले की आपल्या भागातील घरांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ हे पहिले आणि ‘पर्युषण आटोपू द्या, मग पाहू’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने भय निर्माण होते, दुसऱ्याने त्या भयाला सोयीचे निमित्त मिळते. गाठ मात्र तिथी पाहून थांबत नाही.

या भयामागील प्रश्नाचा शास्त्रशुद्ध शोध मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने घेतला. विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाहून निघालेले कितीतरी रुग्ण याच संस्थेचे दार गाठतात. गाठ काढताना तिला धक्का लागतो. त्या क्षणी काही पेशी निसटून अन्यत्र रुजत असतील काय, आणि असल्यास त्यांना रोखता येईल काय, हा तो प्रश्न. संस्थेचे तत्कालीन संचालक, शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत २०११ ते २०२२ या काळात १६०० स्त्रियांवर हा प्रयोग झाला.

उपाय अगदी साधा होता. दात काढण्यापूर्वी हिरडीत जे लिग्नोकेन टोचतात, तेच ०.५ टक्के प्रमाणात गाठीच्या सभोवताली सर्व बाजूंनी द्यावयाचे आणि सात ते दहा मिनिटे थांबून शस्त्रक्रिया सुरू करावयाची. संपूर्ण भूल नेहमीप्रमाणे दिलेली असतेच; हे इंजेक्शन वेदनेसाठी नाही. मज्जातंतूंतील सोडियमच्या ज्या सूक्ष्म वाटा लिग्नोकेन बंद करते, तशाच वाटा कर्कपेशींतही असतात. त्या बंद झाल्यास पेशींची हालचाल मंदावत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेले हे औषध रासायनिक आहे, प्राणिज नव्हे. काही कुटुंबांत ही शंका प्रथम विचारली जाते. एका रुग्णामागे खर्च शंभर रुपयांच्या आत.

सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या कर्करोग परिषदेत निष्कर्ष मांडले गेले आणि २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. इंजेक्शन मिळालेल्या गटात पाच वर्षांनंतर ८६.६ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या, न मिळालेल्या गटात ८२.६ टक्के. हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के. म्हणजे शंभरांमागे सुमारे चार कुटुंबांत आई, बहीण वा पत्नी अधिक राहिली. महागड्या नव्या औषधांकडूनही पुष्कळदा इतका लाभ पदरी पडत नाही.

यातील दुसऱ्या गटाचा आकडा अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवा. ज्यांना इंजेक्शन मिळालेच नाही, त्यांतीलही ८२.६ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर रोगमुक्त होत्या. सुरी लागली म्हणून रोग पसरता, तर हा आकडा संभवला नसता. खरा आधार वेळेवर झालेली शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे उपचार हाच आहे. इंजेक्शनाने त्यात भर घातली, एवढेच. ‘पसरतो असे टाटावालेच म्हणतात’ असा उलटा अर्थ या संशोधनातून कोणी काढू नये.

संशोधनाला मर्यादाही आहेत. दुसऱ्या गटाला लिग्नोकेनऐवजी साधे इंजेक्शन दिलेले नव्हते. त्यामुळे इतरत्रही पडताळणी होणे इष्ट आहे. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी घेतलेल्या स्त्रिया या प्रयोगात नव्हत्या. गाठ मोठी झाल्यावर येणाऱ्या रुग्णांना बहुधा तीच आधी द्यावी लागते, म्हणून हे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. विलंबाची ही आणखी एक किंमत. शिवाय लिग्नोकेनची मात्रा वजनानुसार ठरते. ती अधिक झाल्यास मेंदू व हृदयावर परिणाम होतो. तेथे भूलतज्ज्ञाची दक्षता अपरिहार्य ठरते.

या उपायाला नवे यंत्र लागत नाही. जेथे स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, तेथे लिग्नोकेनची बाटली असतेच, मग ते रुग्णालय मुंबईचे असो, नागपूरचे असो वा गोंदियाचे. शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना नातेवाइकांनी शल्यविशारद व भूलतज्ज्ञ दोघांनाही विचारावे: ‘गाठीभोवती लिग्नोकेन देण्याचा टाटांचा प्रयोग आमच्या रुग्णास लागू होतो काय?’ पूर्वी अशा इंजेक्शनाची अ‍ॅलर्जी झाली असल्यास किंवा हृदयविकार असल्यास तेही त्याच वेळी सांगावे.