गाणारें गाढव



मुलांच्या गोष्टींत पशु पुष्कळ असतात. परंतु गायनशास्त्राचा अभिमान बाळगणारें गाढव विरळाच. पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांत तें भेटतें. नांव उद्धत. दिवसां परटाचें ओझें वाहावें आणि रात्रीं एका कोल्ह्यासह कुंपण मोडून काकडीच्या शेतांत शिरावें, हा त्याचा नित्यक्रम.

एका चांदण्या रात्रीं पोट भरल्यावर त्यास गाण्याची लहर आली. कोल्हा म्हणाला, "मामा, आपण चोरी करावयास आलों आहों, चोरानें मुकें असावें." शिवाय मामांचा आवाज गोड नाहीं, हेंहि त्यानें सुचविलें. मामा रागावले. सात स्वर, तीन ग्राम, एकवीस मूर्च्छना, एकूणपन्नास ताना, अशी यादीच त्यांनीं म्हणून दाखविली! कोल्हा निमूटपणें कुंपणाबाहेर जाऊन बसला. मामांनीं मान उंचावून सूर लावला. राखणदार काठ्या घेऊन धांवले, मामांना यथेच्छ बडविलें, गळ्यांत उखळ बांधलें आणि पुन्हा निजले. उखळासह पळत सुटलेल्या मामांचें कोल्ह्यानें, हा अपूर्व मणि बक्षीस मिळाल्याबद्दल, अभिनंदन केलें.

लालबागच्या चाळींतील मुलांना ही गोष्ट मी अनेकदां सांगितली. काकडीचें शेत त्यांतल्या बहुतेकांनीं पाहिलेलें नसे. उखळ मात्र समजावून द्यावें लागत नसे, कारण मिरच्या-मसाले कांडण्याचा आवाज त्या वस्तींत ओळखीचा. एकदां एका मुलानें विचारिलें, "गुरुजी, राखणदार रातपाळी करून निजले होते काय?" वर्ग हंसला. मला मात्र त्या प्रश्नांत सबंध चाळ दिसली. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तोंवर तेथें कोणत्याहि वेळीं कोणी तरी निजलेलें असे. रातपाळीहून आलेला बाप भर दुपारीं एकुलत्या एक खोलींत अंग टाकी, आणि मुलें कुजबुजत खेळत. मित्राचें ऐकावें, हा ग्रंथांतला बोध. दमलेल्याची झोंप मोडूं नये, हा त्या मुलाचा.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढें बहुतेक गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. पण गिरण्यांच्या जागीं उठलेल्या मनोऱ्यांच्या दारांशीं रात्र जागणारा राखणदार आजहि दिवसांच निजतो.

म्हणून ही गोष्ट घरोघर सांगावी. गाढवाचा सूर सांगणाऱ्यानें संकोच न करितां मोठ्यानें काढावा. त्यावांचून मुलें हंसत नाहींत. मात्र वेळ दुपारची असल्यास भिंतीपलीकडे कोण निजलें आहे, याची चौकशी आधीं करावी. उखळ अजून सर्वत्र मिळतें.