आधी ऐकून घ्यावे
(वार्षिक सभेतील भाषण)



गेल्या महिन्यात येथे अकोल्यातच एका सभासदाच्या घरी आम्ही सातआठजण दूरचित्रवाणीवरील वादविवाद पाहत होतो. विषय ईश्वराच्या अस्तित्वाचा. सूत्रसंचालकाने निरीश्वरवादी पाहुण्याचे एकही वाक्य पुरे होऊ दिले नाही. उलट त्याच्या आईबापांचा उद्धार केला. मंडळी खूष झाली, टाळ्याही पडल्या. आम्ही आस्तिक आहोत, अगस्तींच्या दर्शनावाचून आमचा सोमवार जात नाही. तरी त्या टाळ्या आम्हांस बोचल्या.

आगरकरांचे स्मरण झाले. 1888 मध्ये 'सुधारक' काढून त्यांनी रूढींवर घाव घातले, आणि पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा निघाली. टिळकांनीही 'केसरी'तून त्यांच्याशी कडाक्याचा वाद केला. पण तो लेखास लेखाने. 1895 साली आगरकर वारले, तेव्हा त्याच टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आता घरची गोष्ट. वडिलांचे दहावे न करणाऱ्या आपल्या एका तरुणास मंडळातून काढावे, असा अर्ज आला आहे. सह्या बहुतेक त्या टाळ्या वाजविणारांच्याच. बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, परंतु त्याचा धाक आम्हांस घालावयाचा नाही. हा मुलगा आमचा विद्यार्थी. अंथरुणास खिळलेल्या बापाचे दोन वर्षे त्याने सर्व काही केले, हे अर्जात नाही. त्याला अद्याप कोणी विचारलेलेही नाही.

तो मागे दाराशी बसला आहे. आधी त्याचे म्हणणे ऐकावे व ते पुरे होईतो कोणी मध्ये बोलू नये, एवढी विनंती करून आम्ही खाली बसतो.