हद्दीवरचा तालुका आणि त्याची वर्तमानपत्रे

आपला पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे हा कायमचाच हद्दीवरचा मुलूख. ठाण्यात काशिनाथ विष्णु फडके यांनी १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ काढले होते. पण या भागातल्या शेतकऱ्याला स्वतःचे वर्तमानपत्र मिळाले ते अलिबागेतून.

त्याला कारण एक संप. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. शेते पडीक राहिली, लोक लाकूडफाटा विकून जगले, आणि संप जवळजवळ सहा वर्षे चालला. एवढी लांब लढाई सभांतल्या भाषणांवर निभत नाही. कुळांची बाजू छापणारे पत्र हवे. १९३७ मध्ये ‘कृषीवल’ निघाले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. ‘कृषीवल’ने पुढे शेतकरी कामगार पक्षाची बाजू उघडपणे घेतली; तटस्थतेचा आव आणला नाही, हे मला तरी प्रामाणिक वाटते.

१९७० मध्ये सिडको ही शहरे वसवणारी सरकारी संस्था आली आणि पनवेलची भातशेती नव्या शहराच्या नकाशात गेली. जमिनीचे व्यवहार वाढले, तशा स्थानिक पत्रांतल्या ‘जाहीर नोटिसा’ही. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, हरकतीची मुदत: अग्रलेख न वाचणारेही हा मजकूर बोट ठेवून वाचतात.